आसवांची वाट

मराठी वाङ्मयात आसवांचा तुटवडा कधीच पडलेला नाही. सासरी निघालेल्या मुलीच्या डोळ्यांपासून रणांगणावरून परतणाऱ्या वीराच्या डोळ्यांपर्यंत ती सर्वत्र वाहिली आहेत, आणि कवींनी त्यांना मोत्यांपासून दवबिंदूंपर्यंत जेवढ्या म्हणून उपमा देता येतात तेवढ्या दिल्या आहेत. परंतु जी आसवे गालावर ओघळत नाहीत त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणा कवीला पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. माणूस रडत नसतानाही त्याच्या डोळ्यांत दिवसभर पाणी स्रवत असते. ते गालावर येत नाही, त्या अर्थी ते दुसरीकडे कोठेतरी जात असले पाहिजे. ही दुसरी वाट कोठून कोठे जाते हे नक्की ठरविण्यास, लेखी पुरावा मिळतो तेव्हापासून मोजले तर, मनुष्यजातीला तीन हजारांहून अधिक वर्षे लागली; आणि ती बुजली असता तिला नवे तोंड कसे करून द्यावे, हे नीट जमण्यास त्यानंतर आणखी अडीचशे.

हा विषय आम्हांस सुचला तो तेलीबांध्यामुळे. रायपूर हे तळ्यांचे गाव आहे. बूढा तालाब, कंकाली तालाब, महाराजबंध ही नावे येथे नोकरीनिमित्त राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या ओळखीची आहेत, आणि शहराच्या पूर्वेकडील तेलीबांधा तर विशेषच. आता त्याच्या काठाने फरसबंदी आणि दिवे झाले असून तरुण मंडळी त्यास ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. मुंबईची आठवण काढणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या नावाचे हसूही येते आणि ते थोडे बरेही वाटते. परंतु जुने नाव अधिक अर्थपूर्ण आहे. त्यात बांध आहे. बांध घालून तळे करणाऱ्याला तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: पाणी येणार कोठून, ठरणार कोठे आणि जास्तीचे जाणार कोठून. तिसऱ्या गोष्टीचा ज्याला विसर पडला त्याचे तळे पहिल्या मोठ्या पावसात काठ ओलांडते. सांडवा गाळाने बुजला तर वर पाणी काठाबाहेर येते आणि आत ते कुजते. अशा वेळी काठ कोरडा करीत बसणाऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही. डोळ्याच्या बाबतीत मात्र जगातील थोरथोर वैद्य शतकानुशतके काठच कोरडा करीत होते.

प्रथम ही रचना नीट समजून घ्यावयास हवी. डोळ्याच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात, भुवईच्या हाडाआड अश्रुग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे पाणी पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळावर पसरते आणि आतल्या, म्हणजे नाकाकडील, कोपऱ्याकडे सरकते. तेथे वरच्या व खालच्या पापणीच्या काठावर प्रत्येकी एक छिद्र असते. आरशासमोर उभे राहून खालची पापणी किंचित बाहेर वळविली तर ते टाचणीच्या टोकाएवढे छिद्र कोणालाही दिसेल. त्यापासून सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या दोन केसासारख्या नलिका निघतात आणि नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुकोशाला मिळतात. या छोट्याशा पिशवीतून खाली एक नळी हाडाच्या बोगद्यातून उतरते व नाकाच्या पोकळीत तळाशी उघडते. नळीच्या खालच्या तोंडाशी नाजूक अस्तराची एक घडी असते. प्रागच्या हास्नर या नेत्रवैद्याचे नाव तिला मिळाले आहे. पापणी मिटते तेव्हा या सर्व भागांवर स्नायूंचा दाब पडतो आणि सुटतो, त्यामुळे हा नुसता उतार नसून एक पंपच आहे. रडताना नाक का गळते, आणि डोळ्यात घातलेले औषध थोड्याच वेळात घशाशी कडू का लागते, याचे उत्तर येथे आहे.

ही नळी बंद झाली की पाणी कोशात साचते. साचलेल्या पाण्यात रोगजंतू वाढतात. डोळा नेहमी भरून आल्यासारखा दिसतो, सकाळी पापण्या चिकटतात, आणि आतल्या कोपऱ्यावर बोटाने दाबले तर छिद्रांतून चिकट पू उलट वर येतो. पुष्कळदा यात वेदना नसते, आणि तोच या रोगाचा कावा आहे. मग एखाद्या दिवशी तो कोपरा लाल होऊन टरारतो, ठणका लागतो, गळू फुटते, आणि त्या जागी बरे न होणारे भोक राहते. आपल्याकडे याला लासरू किंवा लासूर म्हणतात. छत्तीसगढात व एकंदर हिंदी मुलखात ‘नासूर’ म्हणतात. हा शब्द बरी न होणाऱ्या कोणत्याही वाहत्या जखमेला लागतो, आणि पुढे तो मनाच्या जखमांनाही लागला. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, विशेषतः चाळिशीनंतर. त्यांच्यात हाडाचा तो बोगदा अधिक अरुंद असतो, हे त्याचे एक कारण सांगतात. ज्यांच्या घरात अशी एखादी आत्या किंवा काकू होती, त्यांना तिचा पदराने डोळा टिपण्याचा चाळा आठवत असेल. ‘तिचा डोळा गळतो’ एवढेच घरात सर्वांना ठाऊक असे. तिला कोणी दवाखान्यात नेले नाही, कारण दिसत तर होते आणि दुखत तर नव्हते.

या रोगाचा सर्वांत जुना उल्लेख कोठला, हे वादग्रस्त आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० च्या हम्मुराबीच्या संहितेत, जी कोरलेली शिळा १९०१ साली सूसा येथील उत्खननात सापडू लागली, वैद्यांसाठी काही कलमे आहेत. काशाच्या शस्त्राने डोळ्याजवळची एक विवक्षित जागा उघडून ज्याने डोळा वाचविला त्यास प्रतिष्ठित नागरिकाकडून दहा शेकेल रुपे मिळावे, गुलामाच्या बाबतीत दोन. आणि त्या नागरिकाचा डोळा गेला तर वैद्याचे हात तोडावेत. ती जागा दर्शविणारा जो शब्द तेथे आहे त्याचा अर्थ काहींनी अश्रुकोशाचे गळू असा केला, काहींनी भुवई किंवा कानशील असा. आम्ही या वादात पडत नाही. परंतु हात तोडण्याची शिक्षा असताना शस्त्र उचलणारा वैद्य कोणत्या दुखण्याला हात घालील, याचा विचार केला तर फुटावयास आलेले गळू हेच उत्तर अधिक संभवनीय वाटते. मोतीबिंदूला हात लावण्याचे धाडस त्याने क्वचितच केले असते.

आपल्या सुश्रुतसंहितेत हा विषय कितीतरी अधिक बारकाईने आला आहे. उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ दिली असून त्यांपैकी ९ रोग संधींचे, म्हणजे डोळ्याचे निरनिराळे भाग जेथे मिळतात त्या जागांचे आहेत. त्यांतला पूयालस म्हणजे संधीच्या जागी येणारी, पिकणारी व दाट दुर्गंधी पू वाहणारी सूज. हे वर्णन आजच्या डॉक्टरला वाचून दाखविले तर तो निदान सांगण्यास क्षणभरही थांबणार नाही. त्याखेरीज चार प्रकारचे स्राव सांगितले आहेत. दोष अश्रुमार्गाने संधीकडे जाऊन कनीनकातून, म्हणजे नाकाकडील कोपऱ्यातून, वेदनारहित स्राव उत्पन्न करतात, आणि काही आचार्य यालाच नेत्रनाडी म्हणतात, असे तेथे म्हटले आहे. ‘वेदनारहित’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. रोग्याला दुखत नसताना रोग ओळखणे हे निरीक्षणाचे काम आहे. तेथे तर्क चालत नाही.

आणखी एका ठिकाणी ग्रंथकाराची दृष्टी किती तीक्ष्ण होती ते दिसते. बुबुळाकडे सरकणारा मांसाचा पडदा, ज्याला तेथे अर्म म्हटले आहे, तो कापून काढताना शस्त्रवैद्याने कनीनकाला इजा होऊ देऊ नये. चतुर्थांश मांस शिल्लक ठेवावे. नाहीतर रक्तस्राव होतो किंवा तेथे नाडी पडते, असा इशारा दिला आहे. म्हणजे आतल्या कोपऱ्यात असे काहीतरी आहे की ज्याला धक्का लागला असता पाणी कायमचे वाहू लागते, हे अनुभवाने माहीत झाले होते.

असे असूनही हे चारही स्राव असाध्य रोगांत घातले आहेत. पूयालसासाठी रक्तमोक्षण, शेक-लेप आणि अंजने सांगितली आहेत. स्रावांपुढे मात्र शास्त्राने हात टेकले. याचे कारण आमच्या मते शस्त्रांच्या अभावात नाही. ज्या परंपरेने नाक जोडले तिला बारीक शलाकेचे अगत्य नव्हते असे कोण म्हणेल? कारण दिशेत आहे. अश्रुमार्ग हा शब्द आहे, पण त्या मार्गाने दोष डोळ्याकडे येतात, अशी कल्पना आहे. पाणी डोळ्यातून बाहेर, नाकात जाते आणि ते जाणे अडले आहे, अशी कल्पना नाही. येणारी वाट मानली तर ती बंद करावीशी वाटते. जाणारी वाट मानली तरच ती उघडावी असे सुचते.

याच भ्रमात पश्चिमेकडचे लोकही होते, हे सांगितले नाही तर आपल्या पूर्वजांवर अन्याय होईल. ग्रीक-रोमन परंपरेत आसवे मेंदूतून पाझरतात असे मानीत. गेलनला पापणीवरची छिद्रे व नाकाकडे जाणारी वाट ठाऊक होती, तरी त्या ज्ञानाचा उपचाराला फारसा उपयोग झाला नाही. पहिल्या शतकातील सेल्सस या रोमन लेखकाने दिलेली कृती वाचताना अंगावर काटा येतो: नासुराचे तोंड आकड्याने उचलावे, पोकळी हाडापर्यंत कापून काढावी, डोळा नीट झाकून घ्यावा, आणि तापलेल्या लोखंडाने हाड डागावे. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात बगदादच्या अली इब्न ईसाने आणि कॉर्दोव्हाच्या अल्-झहरावीने हा रोग वर्णिला. अल्-झहरावीने तर डाग देऊनही गुण न आला तर हाडाला नाकापर्यंत भोक पाडावे असेही सांगितले. येथे तो विसाव्या शतकाच्या अगदी दाराशी येऊन उभा राहिला होता. पण त्याला रोगट हाडातून पू निचरून जावयास हवा होता. आसवांना वाट करून देण्याचा विचार त्यात नव्हता. शिवाय हाडाचे उघडे भोक शरीर भरून काढते. काही महिन्यांत ते मिटे आणि रोगी पहिल्या जागी येई.

दिशेचा हा घोळ १६६२ साली मिटला. नील्स स्टेनसेन, ज्याला विद्वानांच्या लॅटिनमध्ये स्टेनो म्हणत, हा कोपनहेगनचा तरुण त्या वेळी हॉलंडमध्ये शिकत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने मेंढराच्या डोक्याचे विच्छेदन करताना गालातली लाळेची नळी शोधली होती. तीच पद्धत त्याने डोळ्याला लावली आणि दाखविले की आसवे मेंदूतून येत नाहीत. ती ग्रंथीत तयार होतात, डोळ्यावरून वाहतात आणि छिद्रांवाटे नाकात उतरतात. त्यांचे काम डोळा ओला ठेवण्याचे. हा स्टेनो पुढे खडकांचे थर वाचणारा भूगर्भशास्त्रज्ञ झाला, आणि शेवटी सर्व सोडून बिशप झाला. आसवांना मेंदूपासून तोडून सामान्य पाण्याच्या रांगेत बसविणाऱ्या माणसाने आयुष्याच्या अखेरीस धर्मसेवा पत्करावी, हा योग चमत्कारिक खरा.

ज्ञान आले तरी ते उपचारात उतरण्यास पन्नास वर्षे गेली. डोमिनिक आनेल हा फ्रेंच सैन्यातला शस्त्रवैद्य. त्या काळी सैनिकांच्या जखमांतील रक्त व पू तोंडाने चोखून काढणारी माणसे असत. त्यांच्याऐवजी वापरावयाची पिचकारी त्याने तयार केली होती आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले होते. पुढे इटलीत असताना एका धर्मगुरूच्या वाहत्या डोळ्यासाठी त्याने तीच पिचकारी अतिशय बारीक टोकाची करून घेतली. पापणीच्या छिद्रातून त्याने आधी केसासारखी शलाका घालून वाट मोकळी केली, मग पिचकारीने पाणी सोडले, आणि ते नाकातून बाहेर पडले. कापणे नाही, डागणे नाही. १७१३ साली त्याने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सव्हॉयच्या ड्यूकच्या आईवरही त्याने हे उपचार केले. समव्यवसायी मंडळींनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. एवढ्या बारीक छिद्रातून शलाका जाणेच शक्य नाही, असे म्हणणारेही त्यांत होते. त्या वादाची पत्रके छापली गेली. कचेरीत नवी पद्धत सुचविणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या टिपणीवर जसे शेरे पडतात, तसेच ते असावेत असे आमच्या अधिकारी वाचकांना वाटल्यास नवल नाही.

आनेलच्या कामाचे महत्त्व केवळ उपचारात नव्हते. पिचकारीने प्रथमच वाट मोकळी आहे की बंद, आणि बंद असल्यास कोठे बंद, हे जिवंत माणसात तपासता येऊ लागले. पाणी त्याच छिद्रातून परत आले तर अडथळा जवळ. वरच्या छिद्रातून आले तर पुढे. पुवासह आले तर कोशाच्या खाली. पाटबंधारे खात्यातला माणूस कालव्याचा अडथळा शोधतो तो असाच.

यानंतरच्या दीडशे वर्षांत नळीत सोन्याच्या नळ्या, शिशाचे तार, रेशमाचे धागे असे नाना पदार्थ घालून पाहण्यात आले. ते आम्ही सोडून देतो. १८५७ साली, इकडे उत्तर हिंदुस्थान पेटला असता, लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात विल्यम बोमन याने छिद्रापासून नलिका चिरून मोठ्या जाडीच्या शलाका क्रमाने घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मूत्रपिंडातील ज्या सूक्ष्म वेष्टनाला त्याचे नाव आहे, तोच हा बोमन. नलिका चिरण्याची त्याची रीत पुढे टाकून देण्यात आली, कारण चिरलेली नलिका पंपाचे काम करीत नाही. पण त्याच्या नावाच्या शलाका आजही प्रत्येक नेत्ररुग्णालयाच्या तबकात असतात.

या काळात आपल्याकडे काय चालले होते? येथे तंजावरचे सरफोजी राजे आठवल्यावाचून राहत नाहीत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान फार वरचे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले, १७९९ नंतर किल्ल्यापुरते राज्य उरलेले हे भोसले राजे १८३२ साली वारले. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यक शेजारीशेजारी चालत असे, आणि डोळ्यांच्या रोग्यांचे रीतसर कागद, काहींच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, लिहून ठेवलेले असत. ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहातून आजवर आले आहेत. त्यांत मुख्य भर मोतीबिंदूचा आहे. परंतु रोगी येतो तेव्हा डोळा कसा होता, काय केले आणि जाताना काय दिसत होते, हे लिहून ठेवण्याची बुद्धी ज्याला झाली त्याने अर्धी लढाई जिंकली असे आम्ही समजतो. १८१९ साली मद्रासेत डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय निघाले. तंजावरचे हे काम त्याच सुमाराचे आहे.

रायपुराकडे असे काही नव्हते. १८१८ साली कर्नल ॲग्न्यूने छत्तीसगढचे मुख्य ठाणे रतनपुराहून येथे आणले, आणि १८३० पासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचे सुभेदार येथून कारभार पाहत होते. म्हणजे येथे बदलीवर आलेले आपण पहिले मराठी अधिकारी नव्हेत. त्या सुभेदारांच्या घरात कोणाला लासूर झाले तर वैद्याची अंजने, जर्राहाचा डाग आणि देवाचा अंगारा याखेरीज चौथा उपाय नव्हता. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख नागपूरच्याच शासनाखाली होता, आणि दुखणे वाढले की रोगी नागपूरची वाट धरीत. १९१४ साली तेथे रॉबर्टसन वैद्यकीय शाळा निघाली होती. १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले. खेड्यातल्या माणसाला मात्र रायपूरही दूर होते. १९०० साली सुरू झालेली धमतरीची अरुंद रुळांची छोटी गाडी तेलीबांध्यावरून जात असे. बाजार, कचेरी आणि दवाखाना या तिन्हींसाठी धमतरी-राजीमकडची माणसे त्या गाडीने येत. २०१७ साली तिचा शहरातील भाग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर आता रुंद रस्ता आहे.

त्या गाडीने येणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या रोगाचा खरा धोका पाणी गळण्यात नव्हता. छत्तीसगढ हे भाताचे कोठार. कापणीनंतर मळणीच्या दिवसांत, ज्याला येथे मिंजाई म्हणतात, हवेत कुसळे आणि फोलपटे उडत असतात. एखादे कुसळ बुबुळाला लागले की बारीकसा ओरखडा उमटतो. निरोगी डोळ्यात तो दोन दिवसांत भरून येतो. पण ज्याच्या अश्रुकोशात पू साचून आहे त्याच्या डोळ्यावर रोगजंतूंचा प्रवाह अष्टौप्रहर चालू असतो. त्या ओरखड्याचा व्रण होतो, तो सरपटत बुबुळभर पसरतो, मागे पुवाची पातळी दिसू लागते, आणि पंधरवड्यात डोळा जातो. जर्मनीतील झेमिशने १८७० साली या सरपटणाऱ्या व्रणाचे वर्णन केले. पुढे अशा व्रणांचा न्यूमोकोकस जंतूशी आणि अश्रुकोशाच्या दुखण्याशी असलेला संबंध स्पष्ट झाला. म्हणजे वीस वर्षे ‘नुसता गळणारा’ म्हणून दुर्लक्षिलेला डोळा एका कुसळाने जात असे, आणि दोष कुसळाला दिला जात असे.

मोतीबिंदूचे तेच. सुईने मोतीबिंदू मागे ढकलण्याच्या जुन्या रीतीत डोळ्याला मोठे छेद नसत. बुबुळाच्या काठाने छेद घेऊन मोतीबिंदू बाहेर काढण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा, कोशात पू असलेल्या माणसाचा डोळा उघडणे म्हणजे गढूळ पाण्याच्या तोंडाशी घराचे दार उघडण्यासारखे झाले. शस्त्रक्रिया उत्तम होई आणि तिसऱ्या दिवशी डोळा पुवाने भरे. यातूनच मोतीबिंदूच्या आधी अश्रुमार्ग तपासण्याचा नियम आपल्याकडे आला. १९७६ साली अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शिबिरे भरू लागली, आणि आंधळेपणा घेऊन कोसभर चालत आलेल्या म्हाताऱ्याला पिचकारीतले पाणी उलटले म्हणून परत पाठविण्याचा प्रसंग डॉक्टरांवर वारंवार येऊ लागला. त्याला कारण समजावून सांगणे सोपे नव्हते. त्याची तक्रार दिसण्याची होती, गळण्याची नव्हती.

अशा रोग्यासाठी दोन मार्ग होते. एक अश्रुकोश समूळ काढून टाकण्याचा. तो थोडक्यात आटोपतो, सोपा आहे, आणि पुवाचा धोका कायमचा जातो. पण डोळा जन्मभर गळत राहतो. दुसरा मार्ग फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती याने १९०४ साली दाखविला. नळी बुजली असेल तर तिच्याशी झगडत बसू नये. कोश आणि नाक यांच्यामध्ये जे कागदासारखे पातळ हाड आहे त्यात खिडकी पाडावी, आणि कोश सरळ नाकाला जोडून द्यावा. सांडवा बुजला तर शेजारी दुसरा काढावा, तसेच हे. अल्-झहरावीच्या भोकात आणि तोतीच्या खिडकीत फरक हेतूचा होता. तरीही तोतीच्या काही खिडक्या मिटत. १९२१ साली पॅरिसच्या द्युप्वी-द्युताँ व बूर्गे यांनी कोशाचे अस्तर नाकाच्या अस्तराला टाक्यांनी शिवले, त्यामुळे खिडकीच्या कडांना आतून अस्तर मिळाले आणि ती उघडी राहू लागली. आज शंभरातील नव्वदांहून अधिक रोग्यांना या शस्त्रक्रियेने गुण येतो. नाकाच्या आतून हीच खिडकी पाडण्याचा प्रयत्न अमेरिकेत कॉल्डवेलने १८९३ सालीच केला होता, परंतु नाकाच्या अंधारात दिसत नसे. १९८९ साली मॅकडोना आणि मायरिंग यांनी नाकातील दुर्बिणीने ते साधले, आणि चेहऱ्यावरचा व्रणही टळला.

कोश काढून टाकण्याच्या पद्धतीला हल्ली काही लोक नाके मुरडतात. आम्ही तसे करणार नाही. दोन दिवसांची रजा मिळणे ज्याला कठीण, ज्याचे वय सत्तरीपलीकडे, आणि ज्याला मोतीबिंदू काढून नातवाचे तोंड पाहावयाचे आहे, त्याला गळणारा पण निर्धोक डोळा पुरे वाटला तर त्यात चूक काय? मात्र तिशीतल्या बाईला, दुसरा उपाय आहे हे न सांगता, केवळ सोयीसाठी कोश काढून मोकळे करणे हा अन्याय आहे, आणि तो पुष्कळ वर्षे पुष्कळ ठिकाणी झाला.

तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी, आणि सुदैवाने आनंदाची. नवजात शंभर मुलांत सुमारे सहांचा एखादा डोळा गळतो, कारण नळीच्या खालच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा जन्माच्या वेळी उघडलेला नसतो. त्यांपैकी दहांत नऊ मुलांचा तो वर्षाच्या आत आपोआप उघडतो. १९२३ साली क्रिग्लर याने एक साधी युक्ती सांगितली: नखे कापून, हात धुऊन, बोटाच्या टोकाने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर दाब द्यावा आणि तो खाली नाकपुडीच्या दिशेने न्यावा, कोशातले पाणी पडद्यावर आपटून तो फुटतो. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई नाक सरळ व्हावे म्हणून तेल लावून नाकाच्या मुळाशी बोटे ओढीत असे. नाक किती सरळ होई ते देव जाणे, पण त्या बोटांनी नकळत एखाद्या बाळाचा अश्रुमार्ग उघडला नसेलच असे आम्ही म्हणणार नाही. काजळ मात्र अशा डोळ्यात घालू नये. काजळाची बोटे हा रोगजंतूंचा राजमार्ग आहे. वर्षानंतरही डोळा गळत राहिला तर बोमनची शलाका एकदा घातली की बहुतेकांचे काम होते. हे वय उलटू देऊ नये. वाढत्या वयात शलाकेचा गुण कमी होतो, आणि प्रौढांत तर ती क्वचितच टिकाऊ उपयोगी पडते.

रायपुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, २००० साली हे शहर नव्या राज्याची राजधानी झाले, २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. आता या शस्त्रक्रियेसाठी नागपूरची गाडी धरण्याचे कारण उरलेले नाही. तपासणीची रीत मात्र आनेलच्या वेळचीच आहे. रोग्याला बसवून, डोळ्यात बधिर करणाऱ्या औषधाचे थेंब घालून, बोथट टोकाची बारीक सुई खालच्या पापणीच्या छिद्रात सरकवतात आणि खारे पाणी हळूहळू सोडतात. मग डॉक्टर एकच प्रश्न विचारतो: घशात पाणी आले का? रोगी आवंढा गिळतो आणि मान हलवितो. ती होकारार्थी हलली, तर मोतीबिंदूच्या यादीत त्याचे नाव त्याच आठवड्यात लागते.